शेवटच्या शाखेतला माणूस

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील बँक कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कामाच्या ठिकाणी येणारा ताण आणि त्याचा बँक कर्मचाऱ्याच्या कार्यक्षमतेवर होणारा परिणाम, असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. हा विषय निघाला की डोळ्यांसमोर येतात त्या मुंबईतील उंच इमारती, लोकलची गर्दी आणि संगणकावर झरझर पळणारे आकडे. मी मात्र आज एटापल्ली, कोरची, सिरोंचा, जिवती, सिंदेवाही अशा ठिकाणच्या शाखांविषयी बोलणार आहे. शाखा म्हणजे येथे बँकेची शाखा, एवढा खुलासा या सभागृहात करून ठेवलेला बरा!

या विषयावर बोलताना आपण बहुधा एक चूक करतो. ताण आला म्हणजे माणूस कच्चा, असे आपण गृहीत धरतो. मग त्याला प्राणायाम शिकवतो, एखादे व्याख्यान ऐकवतो आणि पुन्हा त्याच खुर्चीवर नेऊन बसवतो. प्राणायाम उत्तमच आहे, तो करावा. पण नोकरीतील बरीच वर्षे या वनप्रदेशात काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, माणूस केवळ कामाच्या ओझ्याने मोडत नाही. ओझे आहे, परंतु ते कसे वाहायचे हे ठरवण्याचा अधिकार नाही आणि खांद्याला खांदा लावणारे शेजारी कोणी नाही, अशा अवस्थेत तो मोडतो. आणि त्याची किंमत तो एकटा मोजत नाही. खिडकीपलीकडे उभा असलेला आपला वनवासी बांधव ती मोजत असतो.

शेवटची शाखा म्हणजे काय?

१९६९ च्या जूनअखेर संपूर्ण देशात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या आणि त्यांपैकी ग्रामीण भागात होत्या अवघ्या १,८३३. त्याच वर्षी १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ साली ग्रामीण बँकांचा प्रारंभ झाला. त्यानंतरच्या काळात बँक ही संस्था जंगलाच्या वाटेने आत शिरली. ही साधी गोष्ट नव्हती. सावकाराच्या ओसरीवर उभे राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाचे पासबुक मिळाले.

आता या भूमीचा विस्तार पाहा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाने व्यापलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२. म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम ७४ माणसे. महाराष्ट्राची सरासरी त्या वेळी ३६५ होती. जिल्हा मुख्यालयापासून भामरागड पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, तर सिरोंचा दोनशेच्या घरात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. २०१९ च्या पावसाळ्यात तो अनेकदा तुटला.

शहरातील ग्राहकाला एका शाखेत कटू अनुभव आला तर तो रस्ता ओलांडून दुसऱ्या बँकेत जातो. येथे रस्ता ओलांडला की जंगल लागते. म्हणूनच मी हिला 'शेवटची शाखा' म्हणतो. तिच्या पलीकडे ग्राहकाला पर्याय नाही, आणि आतल्या कर्मचाऱ्यालाही नाही.

भाषेचे पाहा. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या निर्वासित बांधवांची बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी आणि सर्वत्र थोडीफार मराठी. २०११ पासून अनेक बँकांची भरती आयबीपीएसच्या सामाईक परीक्षेतून होऊ लागली. त्यातून बिहार, ओडिशा, आंध्रचे हुशार तरुण आपल्याकडे येतात. ही राष्ट्रीय एकात्मतेची चांगलीच गोष्ट आहे. परंतु चोवीस वर्षांचा मुलगा प्रथमच घर सोडून येतो, समोरच्या माणसाचे बोलणे त्याला कळत नाही आणि त्याचे बोलणे समोरच्याला कळत नाही. तेव्हा दोघांच्याही मनात तणाव साठतो. या तणावाची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये होत नाही.

एका शाखेचे वर्ष

या शाखेवर कामाचे ओझे वर्षभर समान नसते. एप्रिल-मे मध्ये तेंदूपानांचा हंगाम. मजुरीचे आणि ग्रामसभांचे पैसे खात्यांत येतात आणि माणसे पहाटे निघून शाखेसमोर येऊन बसतात. बाहेर उन्हाचा पारा. चंद्रपूरचे तापमान ४७-४८ अंशांपर्यंत गेल्याचे आपण अनुभवले आहे. तोच काळ ब्रह्मपुरी, नागभीड, मूलकडे धानाच्या आणि वरोरा, राजुरा, कोरपनाकडे कापूस-सोयाबीनच्या पीककर्जाचा. मग पावसाळा. मग वसुली. मग मार्चअखेर. आठवडी बाजाराच्या दिवसाचे आणखी वेगळे.

या नेहमीच्या चक्रावर अधूनमधून मोठ्या लाटा येतात. २०१४ मध्ये जनधन खाती आली. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर नोटाबंदीचे आठवडे आले. २०१७ मध्ये कर्जमाफीच्या याद्या आल्या. २०२४ च्या पावसाळ्यात 'लाडकी बहीण'साठी खात्याला आधार जोडून घेण्याकरिता भगिनींच्या रांगा लागल्या. या योजना समाजाच्या हिताच्या आहेत की नाहीत, हा आजचा विषय नाही. विषय एवढाच की, योजना दिल्लीत किंवा मुंबईत जाहीर होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तिचे उत्तर द्यायला चार माणसांची एक शाखा उघडी असते. त्या चौघांतील एक रजेवर आणि एक प्रशिक्षणाला गेलेला असतो.

त्यात नेटवर्क जाते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. वीस किलोमीटर चालून आलेल्या म्हाताऱ्या बाईला 'लिंक नाही' एवढेच सांगावे लागते. तिला वाटते, साहेब देत नाही. आधारच्या यंत्रावर तिचा अंगठा उमटत नाही, कारण आयुष्यभर कष्ट करून बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. ती पुन्हा पुन्हा बोट पुसते, यंत्र पुन्हा पुन्हा नाकारते. मागे रांगेत सत्तर माणसे उभी असतात. त्या क्षणी खिडकीतल्या मुलीच्या हातात काय असते? यंत्र तिचे नाही, नेटवर्क तिचे नाही, नियम तिचा नाही. रोष मात्र तिचा!

ताण किती चांगला, किती वाईट?

सगळाच ताण वाईट नसतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. दडपण अगदी कमी असले तर शिकणे मंदावते, थोडे वाढले की सुधारते, पण एका मर्यादेपलीकडे गेले की पुन्हा घसरते, असे त्यांना आढळले. त्यांचे दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे आहे. काम जितके अवघड, तितकी ती मर्यादा लवकर येते.

हे बँकेला लावून पाहा. नोटा मोजण्याचे काम थोड्या घाईतही निभावते. परंतु शेतकऱ्याला कर्ज किती द्यावे, तो फेडू शकेल काय, कागदावरची सही खरी की खोटी, हे ठरवण्यासाठी शांत मन लागते. सतत दडपणाखाली असलेला व्यवस्थापक चुकीचा निर्णय घेतो असे नव्हे. तो निर्णयच घेत नाही. 'कागद अपुरे आहेत, पुढच्या आठवड्यात या,' हे वाक्य अनेकदा नियमातून येत नाही, थकव्यातून येते. अहवालात त्याची नोंद 'प्रलंबित' अशी होते. शेतकऱ्याच्या घरी मात्र पेरणीची वेळ निघून जाते आणि तो पुन्हा सावकाराची ओसरी चढतो. ज्या कामासाठी शाखा जंगलात आली, तेच काम उलटे फिरते.

कार्यक्षमता घटते ती प्रथम अशी, न दिसणाऱ्या जागी. त्यानंतर दिसू लागतात त्या चुका. दुपारी चारनंतर रोखपालाची बेरीज जुळेनाशी होते. कमी पडलेले पैसे खिशातून भरायचे, ही रोखपालाची जुनी व्यथा येथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे. मग येतो शब्दांतला रुक्षपणा. आणि शेवटी येते ती सर्वांत वाईट अवस्था: माणूस खुर्चीवर हजर असतो, मस्टरवर सही असते, पण मनाने तो तेथे नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात कामामुळे येणाऱ्या या 'बर्नआउट'ची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा व कडवटपणा, आणि आपण काही उपयोगाचे उरलो नाही असे वाटणे. या वर्गीकरणात त्याला आजार म्हटलेले नाही. नीट न हाताळल्या गेलेल्या, दीर्घकाळच्या कामाच्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हटले आहे. दोष माणसात शोधण्यापूर्वी कामाच्या मांडणीत शोधा, असाच त्याचा अर्थ मी घेतो.

ओझे, अधिकार आणि आधार

१९७९ साली रॉबर्ट कॅरासेक या समाजशास्त्रज्ञाने एक सोपी मांडणी केली. कामाची मागणी किती आहे एवढेच पाहू नका. त्या कामावर करणाऱ्याचा ताबा किती आहे तेही पाहा. मागणी मोठी आणि ताबाही मोठा असेल तर माणूस घडतो. मागणी मोठी आणि ताबा नाही, तर माणूस झिजतो. पुढे १९८८ मध्ये जॉन्सन आणि हॉल यांनी त्यात तिसरी गोष्ट जोडली, ती म्हणजे सहकाऱ्यांचा आधार. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात सर मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, कामावर ताबा कमी असलेल्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असतो. आपण समजतो की मोठ्या साहेबांना ताण अधिक. प्रत्यक्षात खालच्या श्रेणीतील कर्मचारी अधिक भरडला जात होता.

आता या तीन कसोट्या आपल्या शाखेला लावा. मागणी आपण पाहिलीच. ताबा? कोणते टार्गेट किती, हे शाखेत ठरत नाही. तेंदूच्या हंगामात दिवसाला शेकडो लोकांची देणी भागवायची असताना वरून विचारणा येते, विम्याच्या पॉलिसी किती झाल्या? रात्री दहा वाजता मोबाईलवर गटातील सर्व शाखांचे आकडे येतात आणि तळाच्या नावापुढे लाल खूण असते. वडसा आणि भामरागड या दोन शाखांना एकाच फूटपट्टीने मोजले जाते. एक रेल्वेमार्गावरची बाजारपेठ, दुसरी पुरात अडकणारी. हा हिशेब कागदावर समान असेल, न्याय्य नाही.

आणि आधार? पत्नी-मुले नागपूरला, कारण मुलांची शाळा तेथे. म्हातारे आई-वडील तिसऱ्या गावी. संध्याकाळी शाखेचे शटर पडले की भाड्याच्या खोलीत एकटा माणूस आणि एक मोबाईल. चंद्रपूर-मूल रस्त्यासारख्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर दुचाकीने ये-जा करणाऱ्यांच्या घरी, वाघाच्या भीतीने दिवेलागणीनंतर दाराकडे डोळे लागलेले असतात. गडचिरोलीच्या दक्षिण भागात रोकड घेऊन जाताना कित्येक वर्षे नक्षली हिंसेची सावली होती. ज्याचे जळते त्याला कळते. अंतर्गत भागात अशा दिवसांत काम केलेल्यांना त्यावर अधिक सांगण्याची गरज नाही.

त्यात संस्थांचेही रूप बदलत असते. २०१३ मध्ये वैनगंगा कृष्णा आणि विदर्भ क्षेत्रीय या ग्रामीण बँका मिळून विदर्भ कोकण ग्रामीण बँक झाली. १ मे २०२५ रोजी ती आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. एकत्रीकरणामागे कारणे असतात. तथापि खिडकीवरच्या माणसाला प्रत्येक वेळी नवे परिपत्रक शिकावे लागते आणि ग्राहकाला 'तुमचे पैसे सुरक्षित आहेत' हे त्याच्या भाषेत समजावून सांगावे लागते. या समजावण्याला टार्गेटच्या तक्त्यात रकाना नाही.

उपाय आपल्या आवाक्यातले

बंधु-भगिनींनो, गीतेचा पहिला अध्याय 'अर्जुनविषादयोग' आहे, हे आपण सर्व जाणतो. त्या काळातील सर्वश्रेष्ठ धनुर्धराचे हातपाय गळाले. भगवंतांनी आरंभी त्याला खडसावले, हेही आपल्याला आठवते. पण त्या खडसावण्याने अर्जुन उठला नाही. तो तसाच रथात बसून राहिला. उठला तो दीर्घ संवादानंतर. त्याचे सगळे प्रश्न ऐकून घेतल्यानंतर, आणि शेवटी निर्णयाचे स्वातंत्र्य त्याच्याच हाती सोपवल्यानंतर. वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी याहून वेगळे प्रशिक्षण मला सुचत नाही.

व्यवस्थापनाच्या पातळीवर चार गोष्टी सहज शक्य आहेत. पहिली, टार्गेट शाखेच्या भूगोलानुसार आणि हंगामानुसार ठरवावे. तेंदूच्या महिन्यात देणी वेळेवर भागवणे हेच त्या शाखेचे काम मानावे. दुसरी, गर्दीचे दिवस आधीच ठाऊक असतात. त्या दिवसांपुरती जवळच्या मोठ्या शाखेतून दोन माणसे पाठवावीत. तिसरी, स्थानिक भाषा जाणणारा माणूस दारातच उभा असावा. २००६ पासून रिझर्व्ह बँकेने बँकमित्रांची वाट मोकळी केली आहे. माडिया बोलणारा गावचा तरुण अर्धी रांग बोलण्यानेच हलकी करतो, हे मी पाहिले आहे. चौथी, रजा. संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस, पूर्वसूचना न देता सक्तीने रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा निर्देश आहे. त्याचा हेतू गैरव्यवहार उघडकीस आणण्याचा आहे. परंतु हेतू काहीही असो, दहा दिवस घरी राहिलेला माणूस ताजा होऊन परततो. नियम कागदावर न ठेवता प्रामाणिकपणे पाळला तरी पुष्कळ साधेल.

सहकाऱ्यांच्या पातळीवर मी एकच सुचवीन. दिवसाची बेरीज जुळल्यावर दहा मिनिटे सर्वांनी एकत्र बसून चहा घ्यावा. व्यवस्थापक, रोखपाल, शिपाई, सर्वांनी. त्यात आकड्यांची चर्चा नको. ज्याच्याशी ग्राहक भांडला असेल त्याला ते सांगू द्यावे. आधार म्हणजे काही मोठी यंत्रणा नसते. कोणी तरी ऐकून घेतले, एवढेही कधी कधी पुरते.

आणि ज्याला एवढ्याने भागत नाही, झोप उडाली आहे, जगणे नकोसे वाटते आहे, त्याने संकोच न करता वैद्यकीय मदत घ्यावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेली मानस' ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र समुपदेशन मिळते. पाय मोडला तर आपण अस्थितज्ज्ञाकडे जातो. मनाची गोष्टही तशीच आहे.

घर आणि गाव

येथे माता-भगिनी मोठ्या संख्येने आल्या आहेत, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. शनिवारी रात्री बसने थकून आलेल्या माणसासमोर आठवड्याभराच्या तक्रारींची यादी पहिल्याच तासात ठेवू नये. ठेवावी, पण रविवारी जेवणानंतर. हेच पुरुषांनाही लागू आहे. आता किती तरी भगिनी स्वतः बँकेत अधिकारी आहेत. खिडकीवरचा दिवस संपवून घरी आल्यावर तिच्यासाठी स्वयंपाकघराची दुसरी पाळी सुरू होणार असेल, तर आपण ताणमुक्तीची भाषणे ऐकण्यात अर्थ नाही.

शेवटी समाजाविषयी. या भागाला निःस्वार्थ सेवेची परंपरा आहे. १९७३ साली बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. १९८६ पासून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे 'सर्च' गडचिरोलीत कार्यरत आहे. त्यांनी या भूमीला आपले घर मानले. बदलीवर आलेला बँक कर्मचारी दोन-तीन वर्षांत जाणार असतो, त्यामुळे त्याला आपण पाहुणाही मानत नाही आणि घरचाही मानत नाही. कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. आपल्याला घरोघरी संपर्क करण्याची सवय आहे. गावात नवा बँक अधिकारी आला की एका घरी त्याचे जेवण व्हावे, गणेशोत्सवात त्याला बोलावावे, गावची भाषा त्याला चार शब्द शिकवावी. 'जोहार' म्हणून ग्राहकाचे स्वागत करणाऱ्या परप्रांतीय तरुणाकडे पाहून रांगेतील म्हातारा हसतो, तेव्हा दोघांचाही ताण उतरलेला असतो.

आणि रांगेत उभे असताना आपणही थोडे भान ठेवावे. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर कित्येक ग्रामसभा आपल्या बांबूचे, तेंदूचे पैसे स्वतःच्या खात्यातून हाताळू लागल्या. वनवासी समाज असा स्वतःच्या हिशेबाचा धनी होत असताना शाखेच्या खिडकीत बसलेला माणूस हा त्या वाटेवरचा सोबती आहे. त्याचे मन शाबूत राहिले तर जंगलातून आलेल्या माणसाचा रुपया शाबूत राहील. बँकेची खरी कार्यक्षमता मी यालाच म्हणतो. हे आपण सर्वांनी मिळून करावयाचे काम आहे, आणि त्याची सुरुवात उद्या सकाळी दहा वाजताही करता येईल.